उडदाचं गॅमा बियाणं आणि रेडिएशनच्या पस्तीस फेऱ्या: पेशी आपला डीएनए दुरुस्त कसा करते?

टीएयू-१ हे उडदाचं वाण आमच्या सेलू भागात नवीन नाही. पण नावातला 'टी' कशाचा असं विचारलं तर बहुतेक जण 'कंपनीचं काहीतरी असेल' म्हणतात. तो टी ट्रॉम्बेचा आहे, ए अकोल्याचा आणि यू उडदाचा. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणजे बीएआरसी, आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, या दोघांनी मिळून हे वाण काढलं. १९८५ साली ते शेतकऱ्यांपर्यंत आलं. त्याच्या वंशावळीत एक असं झाड आहे, जे बियाण्यावर किरण सोडून तयार झालेलं होतं.

हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, 'मग ती डाळ खाल्ल्यावर काही होत नाही ना?' दुसरा प्रश्न मला माझ्या काकांनी विचारला. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना रेडिएशन सांगितलं होतं, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. ते म्हणाले, 'अरे, एवढं मोठं मशीन आहे, मग एकदाच जोरात का देऊन टाकीनात? रोज रोज कशाला बोलवायलेत?'

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून हा लेख. किरण फक्त डीएनए तोडतात. पुढे त्या पेशीचं काय होणार, ती सावरणार, बदलणार की मरणार, हे तिच्या दुरुस्तीवर ठरतं. आपण ज्याला म्युटेशन किंवा उत्परिवर्तन म्हणतो ते म्हणजे तुटणं नव्हे. तुटलेलं चुकीचं जोडलं गेलं, किंवा जोडायचं राहून तसंच कॉपी झालं, की म्युटेशन होतं.

आधी तुटतं काय ते बघू

डीएनए म्हणजे दोन धाग्यांची पिळलेली दोरी. प्रत्येक धाग्यावर ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं एका रांगेत असतात. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. माणसात एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात, आणि जवळपास प्रत्येक पेशीत असे दोन संच, एक आईकडून आणि एक वडिलांकडून.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा डेटा जन्मतःच मिरर केलेला आहे. एका धाग्यावरचं अक्षर बिघडलं तर समोरच्या धाग्यावरून मूळ काय होतं ते कळतं. दोन हार्ड डिस्कवर एकच डेटा ठेवतो, तसंच.

आणि बिघाड काही क्वचित होत नाही. काहीही न करता, घरात नुसतं बसून असताना, आपल्या एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी डीएनएला इजा होते. शरीरातलं पाणी आणि ऑक्सिजनच त्याला कारण आहे. डीएनए हा दगडासारखा टिकाऊ रेणू आहे असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं मानत होते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात हिशोब मांडला तेव्हा दिसलं की हा रेणू ज्या वेगाने आपोआप बिघडतो, त्या वेगाने जीवसृष्टी टिकायलाच नको होती. म्हणजे सतत कुणीतरी दुरुस्त करत असणार. ती यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझिझ सॅनकार या तिघांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यावर बाहेरची भर पडते. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात कातडीच्या पेशींमध्ये शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. तंबाखूतली काही रसायनं थेट अक्षरालाच जाऊन बसतात. गालात तासन्‌तास धरलेली गुटख्याची पुडी म्हणजे त्याच पेशींवर रोज, वर्षानुवर्षं तोच मारा. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर इतका का आहे, याचं मोठं उत्तर इथेच आहे.

जोडणीचे प्रकार

एकच अक्षर बिघडलं तर तेवढं कापून काढायचं, समोरच्या धाग्यावरून बघून योग्य अक्षर बसवायचं, टाका घालायचा. उन्हाने चिकटलेल्या अक्षरांसारखा मोठा अडथळा असेल तर आजूबाजूच्या अक्षरांसकट पंचवीस-तीस अक्षरांचा तुकडाच काढून नवा विणायचा. झाडांकडे याहून सोपी सोय आहे. त्यांचं एक प्रथिन उजेडाचीच ऊर्जा वापरून चिकटलेली अक्षरं सोडवतं. ते प्रथिन आपल्या पूर्वजांच्या वंशातून केव्हाच नाहीसं झालं. दिवसभर उन्हात उभ्या असणाऱ्या पिकाला ते लागतंच, आपण निदान सावलीत तरी जाऊ शकतो.

पेशी दोन होण्याआधी पूर्ण डीएनए कॉपी होतो. कॉपी करणारं प्रथिन साधारण लाखात एक अक्षर चुकवतं. ते स्वतःच मागे वळून बऱ्याच चुका खोडतं. त्यातूनही जे सुटतं ते दुसरं पथक तपासतं. शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते, कधी तीही नाही. आमच्या क्षेत्रात कोड रिव्ह्यूनंतर हा आकडा आला तर आम्ही रोज वेळेवर घरी जाऊ.

खरी अडचण दोन्ही धागे एकाच जागी तुटले की होते. मिररच्या दोन्ही डिस्क एकदम गेल्या. दोरीचे सरळ दोन तुकडे झाले आणि बघून लिहायला समोर काही नाही. गॅमा किरण आणि एक्स-रे यांची खास ओळख हीच की ते अशी तुट मोठ्या प्रमाणात करतात. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे मात्रेमागे माणसाच्या प्रत्येक पेशीत एका धाग्याच्या सुमारे हजार तुटी होतात आणि दोन्ही धाग्यांच्या पस्तीस-चाळीस. हजार तुटींचं पेशीला फारसं वाटत नाही. त्या पस्तीस-चाळीस मात्र जड जातात.

अशा तुटीवर पेशीकडे मुख्यतः दोन उपाय आहेत. पहिला घाईचा: मोकळी टोकं पकडायची, जरा तासून सरळ करायची आणि एकमेकांना जोडून टाकायची. तुटलेली दोरी गाठ मारून जोडावी तसं. दोरी कामाला लागते, पण गाठीत थोडी लांबी जाते. इथेही दोन-चार अक्षरं गळतात किंवा नको ती शिरतात. एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी तुटलं असेल तर भलतीच टोकं एकमेकांना जोडली जाण्याचीही भीती असते.

दुसरा उपाय सावकाश, पण जवळजवळ बिनचूक आहे. पेशीने विभाजनाची तयारी म्हणून डीएनएची कॉपी काढलेली असेल, तर त्या ताज्या कॉपीवर बघून तुटलेला भाग परत लिहायचा. अट एकच, कॉपी तयार असली पाहिजे. नसेल तर गाठ मारण्याशिवाय इलाज नाही.

हे सगळं चालू असताना पी-५३ नावाचं प्रथिन पेशीला विभाजनापासून थांबवून धरतं. नुकसान आवाक्याबाहेरचं असेल तर तेच पेशीला मरायचा हुकूम देतं. ऐकायला क्रूर वाटेल, पण बिघडलेला डेटा पुढे जाऊ देण्यापेक्षा ते सर्व्हर बंद करणं परवडतं.

ट्रॉम्बेत बियाण्याचं काय करतात

किरणांनी म्युटेशन घडवता येतं हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाशीवर एक्स-रे सोडून दाखवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लुईस स्टॅडलर यांनी बार्लीवर तेच दाखवलं. बीएआरसीने हे तंत्र भुईमूग, उडीद, मूग, तूर अशा आपल्या पिकांवर नेलं. भुईमुगाचं टीजी-१ हे वाण १९७३ साली आलं. मग १९९१मध्ये टीएजी-२४, ते परत ट्रॉम्बे आणि अकोल्याचं. मराठवाड्यासाठी २००७ साली आलेलं टीएलजी-४५ तर ट्रॉम्बे आणि लातूरचं आहे. लातूरचं ते तेलबिया संशोधन केंद्र आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचंच. आज बीएआरसीची अशी चाळीसहून जास्त वाणं आहेत, आणि जगभरातली मोजली तर आकडा तीन हजारांच्या वर जातो.

काम असं चालतं. कोरडं बियाणं कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांखाली काही मिनिटं किंवा तास ठेवतात. मात्रा काही शे ग्रे असते. माणसाच्या पूर्ण अंगावर ४-५ ग्रे मात्रा एकदम पडली आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं मरतात, आणि बी शेकडो ग्रे पचवून उगवतं! कारण ते कोरडं असतं. किरणांचं बरंचसं नुकसान पाण्याच्या रेणूंचे तुकडे करून होतं, आणि कोरड्या बियात पाणीच फारसं नसतं. शिवाय त्यातल्या पेशी झोपलेल्या असतात, विभाजन बंद असतं.

पेरल्यावर बी पाणी पितं आणि जागं होतं. तेव्हा ते पहिल्या काही तासांत कोंब काढायच्या आधी डीएनएची डागडुजी करतं. हे किरण न दिलेल्या बियाण्यातही होतं. घरात साठवलेल्या बियाण्याची उगवण दरवर्षी घटत जाते, त्यामागे जी कारणं आहेत त्यात डीएनएमध्ये साचलेली इजा हेही एक आहे. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आपण उगवण तपासतो, तेव्हा नकळत थोडीफार दुरुस्तीची क्षमताही तपासत असतो.

तर ट्रॉम्बेच्या बियात तुटी भरपूर असतात आणि दुरुस्ती घाईची. म्हणून चुका राहतात. पहिल्या पिढीची झाडं खुरटी, वाकड्या पानांची निघतात, काही मरतात. खरी गंमत दुसऱ्या पिढीत दिसते. कारण बहुतेक बदल जोडीतल्या एकाच प्रतीत झालेले असतात, आणि झाडाने स्वतःच्याच परागाने बी धरलं की काही रोपांत बदललेल्या दोन्ही प्रती एकत्र येतात. त्यात हजारो झाडं पाहायची. बहुतेक निरुपयोगी असतात. एखादं टपोऱ्या दाण्याचं, एखादं लवकर येणारं, एखादं भुरीला दाद न देणारं. ते निवडायचं, चांगल्या वाणाशी संकर करायचा आणि पुढे कित्येक हंगाम चाचण्या. टीएयू-१ही असंच आहे. मोठ्या दाण्याच्या म्युटंट उडदाचा टी-९ या जुन्या वाणाशी केलेल्या संकरातून ते निघालं.

आता पहिला प्रश्न. डाळ खाल्ल्यावर काही होतं का? नाही. कोबाल्टचे गॅमा किरण कुठलीही वस्तू किरणोत्सर्गी करत नाहीत. टॉर्चच्या उजेडात धरलेला दगड नंतर स्वतः उजेड देत नाही, तसंच. शिवाय किरण दिले गेले ते बी कित्येक पिढ्या मागे होतं. आपण पेरतो तो त्याचा वंश.

'म्हणजे हे बीटी कापसासारखंच ना?' तेही नाही. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक आणून घातलेलं आहे. इथे बाहेरचं काहीच आलेलं नाही. उडदाचाच डीएनए उडदानेच जोडला, फक्त थोडा वेगळा. क्रिस्पर नावाचं जे नवं जनुक-संपादन तंत्र गाजतंय तेही या बाबतीत ट्रॉम्बेचं भावंड आहे. क्रिस्परची कात्री नेमक्या ठरवलेल्या जागी दोन्ही धागे कापते आणि बाजूला होते. बदल करते ती पेशीच, गाठ मारताना. गॅमा किरण कुठेही तोडतात, क्रिस्पर पत्ता बघून तोडतं, जोडणारा कारागीर दोन्हीकडे तोच. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने सिकलसेलवर या तंत्राचा पहिला उपचार मंजूर केला. नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल किती आहे हे माहीत असलेल्यांना ही बातमी लांबची वाटणार नाही. किंमत मात्र अजून फार लांबची आहे.

जाता जाता कांदा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला बीएआरसीचं 'कृषक' नावाचं केंद्र आहे. तिथे कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा देतात. कांदा कोंब धरत नाही, कारण कोंबाच्या टोकाच्या ज्या पेशींनी विभाजन करायचं त्यांचा डीएनए जोडता येण्यापलीकडे गेलेला असतो. बाकीच्या पेशींना विभाजन करायचंच नसतं, म्हणून कांदा ताजाच राहतो. तुटीचा फटका विभाजन करणाऱ्या पेशीला बसतो, हे पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

रोज थोडं थोडं का?

आपल्याकडे रेडिएशनला कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. शेक या शब्दाने गैरसमज होतो. यात उष्णता जवळजवळ नसतेच. ४ ग्रे मात्रेने अंगाचं तापमान वाढेल ते एका अंशाचा हजारावा भाग. चहाचा एक घोट त्याहून जास्त ऊब देतो. पुढे कातडी लाल होते, तोंड येतं, ते भाजल्यामुळे नाही. कातडीच्या आणि तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत विभाजन करून नवा थर देत असतात. त्या विभाजन करायला जातात आणि तुटक्या डीएनएमुळे तिथेच अडतात. म्हणूनच त्रास पहिल्या दिवशी होत नाही, दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो.

एकाच वेळी सगळं दिलं तर काय होईल, हे १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी मेंढ्यावर तपासलं होतं. मेंढ्याचं वीर्य बनणं थांबवायला एकदम मात्रा दिली तर वरची कातडी पार खराब व्हायची. तीच गोष्ट काही आठवड्यांत विभागून दिली, तर वीर्य बनणं थांबायचं आणि कातडी वाचायची. वीर्य बनवणाऱ्या पेशी झपाट्याने विभाजन करतात, काहीशी गाठीसारखीच. आजचं वेळापत्रक त्या मेंढ्यापासून सुरू होतं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये सहसा एका फेरीला २ ग्रे देतात. ऑपरेशननंतर साधारण ३० फेऱ्या, काही वेळा ३३ ते ३५. २ ग्रे म्हणजे प्रत्येक पेशीत दोन्ही धाग्यांच्या सत्तर-ऐंशी तुटी. निरोगी पेशी विभाजन थांबवून त्यातल्या बहुतेक काही तासांत जोडते. उद्याच्या फेरीपर्यंत ती बऱ्यापैकी सावरलेली असते. कॅन्सरच्या पेशीची अडचण अशी की तिने थांबण्याची यंत्रणाच मोडून टाकलेली असते. खूप गाठींत तर पी-५३च बिघडलेलं असतं. ती धड न जोडता विभाजनाला जाते आणि मरते. एका दिवसात हा फरक थोडाच असतो. तो रोज साठत जातो.

हिशोबाने बघा. समजा प्रत्येक फेरीत गाठीतल्या निम्म्या पेशी मरतात. १ घन सेंटीमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. तीस वेळा निम्मं करत गेलं की १०७ कोटींत एक पेशी उरते. संगणकवाले हा आकडा ओळखतील, दोनचा तिसावा घात, १ जीबीमधले बाइट. म्हणजे तीस फेऱ्यांनंतर उरली तर एखादी. पण विसाव्या फेरीला थांबलं तर? साडेनऊशेच्या आसपास पेशी शिल्लक. डोळ्यांना गाठ दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि साडेनऊशे आहेत. खऱ्या गाठीचं गणित इतकं सरळ नसतं, पण शेवटच्या दहा फेऱ्यांत काय दडलंय ते यावरून कळतं.

आणि नेमकं तिथेच लोक सोडतात. तोंड सोलवटलेलं, खाणं बंद, गाठ तर गेलेली दिसते. सेलूहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटर. परतूर, जालना करत रोज जाऊन-येऊन करणं होत नाही, म्हणून तिथेच खोली घेऊन राहायचं, सोबतच्याचा रोजगार बुडतो. पेरणी आली की 'आठ दिवस जाऊन येतो' असं होतंच. पण साधारण चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या कॅन्सर-पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढायला लागतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने कमी होते, असं अनेक अभ्यासांतून दिसलंय. आठ दिवस म्हणजे आठ टक्के.

एखादी फेरी चुकलीच तर गप्प बसून शेवटी वाढवून घेऊ असं करू नका, त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगा. शनिवारी फेरी घेऊन किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन फेऱ्या देऊन ते खंड भरून काढू शकतात. हे सहा तास दुरुस्तीसाठीच ठेवलेले असतात. डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात, जो २००३ साली प्रसिद्ध झाला, आठवड्याला पाचऐवजी सहा फेऱ्या देऊन तेवढीच मात्रा एक आठवडा आधी संपवली, तर गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण वाढलं. काकांना मी एवढंच सांगितलं, की रात्री तुमच्या चांगल्या पेशी टाके घालत असतात आणि वाईट पेशींना टाका येत नाही. त्यांना ते पटलं, कारण ते शिवणकाम करायचे.

घरात लागतं का?

रेडिएशन घेणाऱ्याच्या जवळ बसल्याने, ताटात जेवल्याने काहीही होत नाही. बाहेरच्या मशीनचे किरण मशीन बंद झालं की संपले. गालाच्या पेशीत झालेलं म्युटेशनही मुलांकडे जात नाही. मुलांकडे जातं ते फक्त बीजांड किंवा शुक्राणूत असलेलं.

तसं म्युटेशन कधीकधी दुरुस्ती करणाऱ्या जनुकातच असतं. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं कॉपीवर बघून जोडायच्या त्या बिनचूक पद्धतीला लागतात. त्यातल्या एकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. कारण दुसरी प्रत एखाद्या पेशीत बिघडली की तिथे फक्त गाठी मारणारा कारागीर उरतो. मात्र याच दुबळेपणावर औषध निघालंय. ओलापॅरिबसारख्या गोळ्या एका धाग्याच्या तुटीची दुरुस्तीही अडवतात. निरोगी पेशीला दुसरा रस्ता असतो, त्या गाठीतल्या पेशीला तोही नसतो.

आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी एकीपेक्षा जास्त जणींना हे कॅन्सर झाले असतील, किंवा एखादीला चाळिशीच्या आतच झाला असेल, तर डॉक्टरांना बीआरसीए तपासणीबद्दल विचारा. रक्ताच्या नमुन्यावर ती होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. शक्यतो तपासणी आधी जिला आजार झालाय तिची करतात. तिच्यात बदल सापडला, तर घरातल्या बाकीच्यांची नेमकी तेवढीच जागा तपासावी लागते, आणि तो बदल वडिलांच्या बाजूनेही आलेला असू शकतो.